वैजनाथचे चांगले दिवस

स्टोव्हला कुणीतरी पंप मारत होतं.

तो खसखस आवाज मुक्ताच्या झोपेत शिरला आणि तिला आधी वाटलं, शेजारचा असेल. पण शेजारी सोजरआत्यांकडे गॅस होता. या पत्र्याच्या खोलीत स्टोव्हला पंप मारणारं माणूस एकच, आणि ते तर गोधडीत पडलेलं. सात वर्षांची लेक पूर्णिमा तिच्या पोटाशी मुटकुळं करून झोपलेली. मग उरलं कोण?

मुक्तानं एक डोळा किलकिला केला. तिचा नवरा, वैजनाथ, स्टोव्हपुढं उकिडवा बसला होता. अंघोळ झालेली, केसांतून पाणी निथळतंय, आणि स्टोव्हची पिन शोधायच्या नादात काड्यापेटी, मिठाची बरणी, देवाचा फोटो सगळं उलथंपालथं केलेलं. जाळ निळा झाला तसा तो स्वतःशीच हसला.

ती हलली नाही. हललं तर हे मोडेल असं वाटलं तिला, जवळ येऊन बसलेलं पाखरू बघताना वाटतं तसं.

दिवाळीपासून या घरातली सकाळ मुकी होती. वैजनाथ पत्र्याच्या भिंतीकडं तोंड करून पडायचा. कामावर गेला तर गेला, नाही तर नाही. विचारलं तर 'हं', वाढलं तर दोन घास. मुक्ता भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायला शिकली होती. आणि पूर्णी, जिला शाळेतल्या बाई 'आमचा रेडिओ' म्हणायच्या, ती घरात खुणेनं बोलायची.

"उठा बाईसाहेब," तो मान न वळवताच म्हणाला. "जागी झालीस ते कळलंय मला. चहा घे. ऑफिसला उशीर होईल."

मुक्ताला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं उचकीच लागली. उचकीनं पूर्णी जागी झाली. बापाकडं टकामका बघत राहिली आणि मग आईच्या कानाशी लागून तिनं विचारलं, "पप्पा बोलले?"

"बोलले," वैजनाथच म्हणाला, "आणि आता थांबणार नाहीत."

वैजनाथ फरशी बसवायचा. तेव्हा पुण्याजवळच्या मांजरीत उसाच्या फडांतून इमारतींचे खांब वर येत होते. पलीकडं हडपसरला काचेच्या कंपन्या उठल्या होत्या, आणि त्या कंपन्यांतल्या पोरांना राहायला फ्लॅट लागत होते, फ्लॅटना फरशी लागत होती. त्याचा हात असा, की त्यानं बसवलेल्या फरशीवर पाण्याचा थेंब ठेवावा आणि थेंबानं कुठं जावं ते ठरवायला वेळ घ्यावा. एवढा हात असून माणूस आडवा पडलेला, हे मुकादमालासुद्धा बघवत नव्हतं. त्यानं अजून काढून टाकलं नव्हतं ते त्या हातामुळंच.

गोळ्या लागू पडल्या, मुक्ताला वाटलं. उशिरा का होईना, पडल्या. त्यांच्यासाठी तिनं काय कमी चकरा मारल्या होत्या? पहिल्या वेळी वैजनाथला अक्षरशः ओढून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. पुढच्या वेळी तो उठलाच नाही, आणि उठला असता तरी मुकादमानं खाडा धरला असता. म्हणून मग ती एकटीच जायची, आपली सुटीची पाळी गाठून, दोन बस बदलून. रांग जिन्यापर्यंत आलेली. टेबलामागं दर वेळी नवा डॉक्टर.

"पेशंट कुठंय?"

"कामावर." पडून आहेत म्हटलं तर घेऊन या म्हणतील, म्हणून.

"काही फरक?"

"नाही. गप्पच असतात."

डॉक्टर गोळी वाढवून द्यायचा आणि पुढचा नंबर पुकारायचा. त्यानं तरी काय करावं? मागं जत्रा उभी असायची. मुक्ता पुडी पदरात बांधून बस गाठायची, आणि घरी आल्यावर गोळी न चुकता, हातावर ठेवून, पाणी समोर धरून द्यायची. त्यात तिनं कधी कसूर केली नव्हती.

आता त्या सगळ्याचं सोनं झालं.

पहिल्या दिवशी वैजनाथ साइटवर गेला तो दोन माणसांचं काम करून आला. दुसऱ्या दिवशी येताना त्यानं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात फुटक्या फरश्या भरून आणल्या. साइटवर त्यांचे ढीगच असतात, उचलून नेलं तर उलट हमालीच वाचते. ते तुकडे त्यानं दारात ओतले, मांडी घातली आणि बसला. सकाळी मुक्ता उठून दार उघडते तो उंबऱ्यापुढं मोर. पिसारा फुलवलेला, मान वळवून घराकडं बघणारा.

"निळा न्हाणीघरातल्या फरशीचा," वैजनाथ सांगत होता, बोटानं दाखवत. "हिरवा कुणाच्या तरी किचनमधला. गळा तेवढा बिल्डरच्या ऑफिसातला. इटालियन आहे, जपून पाय दे."

"झोपलात कधी?"

"झोपायला कुणाला वेळ आहे? माझं सहा महिन्यांचं झोपणं शिल्लक आहे की."

हे मुक्ताला पटलं. खरंच होतं ते. सहा महिने झोपलेल्या माणसाला झोप कशाला हवी?

मोर बघायला चाळीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या. सोजरआत्या आल्या. या पत्र्याच्या खोल्या त्यांच्याच. त्यांचं पाच एकरांचं उसाचं रान आता इमारतींखाली गेलं होतं. कमरेवर हात ठेवून त्यांनी मोर नीट न्याहाळला.

"मोर बरा हाय. पर चोच जरा वाकडी हाय."

"आत्या, ती चोच नाही, तो तुमच्याकडं बघून हसतोय."

"हसंना का. भाडं मागितलं की रडंल." मग जरा घुटमळून त्या म्हणाल्या, "आमच्या दारात ऊस काढशील का? रानातला गेला. दारात तरी ऱ्हाऊ दे."

वैजनाथनं ऊस काढला. नुसता ऊस नाही, अख्खा फड काढला, त्यात बैल, बैलाच्या पाठीवर बगळा. मग नळाच्या कट्ट्याभोवती मासे. मग संडासांकडं जायच्या वाटेवर वेल, कारण ती वाट सगळ्यांना रोज चालावी लागते आणि तिथंच कुणी फुलं काढत नाही, असं तो म्हणाला. लोक कामावरून आले की आधी बघायचे, आज काय उगवलंय. पोरं तुकडे रंगांप्रमाणं वेगळे करून द्यायची. पूर्णी मुकादम झाली होती, कमरेला ओढणी बांधून सगळ्यांना हुकूम सोडत होती, आणि तिचा रेडिओ पुन्हा लागला होता.

"मी म्हनलंच हुतं," सोजरआत्या मुक्ताला म्हणाल्या. "गोळ्यांनी कुठं मानूस बरं हुतंय? मी त्याच्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या हुत्या. त्येचा गुण हाय ह्यो."

मुक्तानं श्रेय दोघांनाही दिलं, गोळ्यांना आणि मोहऱ्यांनाही. वाद घालायची तिला इच्छाच नव्हती. रविवारी तर तो दोघींना घेऊन बुधवार पेठेत गेला. दगडूशेठला रांगेत उभा राहून त्यानं पुढच्या-मागच्या सगळ्यांशी ओळखी काढल्या. मग इलेक्ट्रिकच्या दुकानांतून हिंडून रंगीत दिव्यांच्या माळा घेतल्या. कशाच्या जिवावर घेतल्या ते मुक्तानं विचारलं नाही. त्या दिवशी विचारायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. रस्ता ओलांडताना त्यानं तिचा हात धरला, भर गर्दीत, आणि पलीकडं गेल्यावरही सोडला नाही.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. पुण्याचे लोक फुकट काय मिळतंय तेच बघतात."

ती इतकी हसली की पूर्णीनं विचारलं, काय झालं, काय झालं, मला पण सांगा.

मुक्ता हडपसरच्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कामाला होती. झाडणं-पुसणं, पॅन्ट्रीतली चहा-कॉफी. वय सव्वीस, पण तिच्याहून मोठे इंजिनीअर तिला मावशी म्हणायचे. तिथल्या जिन्याजवळ एक पोस्टर होतं: मनावर ताण आहे? बोला, आम्ही ऐकतोय. ते पोस्टर ती रोज पुसायची. दर बुधवारी नम्रता मॅडम यायच्या, कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बसायच्या आणि एकेका माणसाचं एकेक तास ऐकायच्या. मुक्ताला याचं फार नवल वाटे. एक तास माणूस बोलतं तरी काय? तिला दवाखान्यात 'गप्पच असतात' एवढं म्हणायलाही धावपळ करावी लागायची.

त्या बुधवारी तिनं पेढे नेले. सगळ्या मजल्यावर वाटले, आणि शेवटी त्या खोलीचं दार वाजवलं.

"मॅडम, पेढा घ्या."

"अरे वा. कशाचा?"

"आमचे मालक बरे झाले."

"काय झालं होतं?"

ऑफिसात मुक्तानं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आनंदाला कुठं तोंड आवरता येतं? "मनाचा आजार होता, मॅडम. सहा महिने भिंतीकडं तोंड. गोळ्या चालू होत्या सरकारी दवाखान्याच्या. आणि आता काय सांगू तुम्हाला, माणूस दमतच नाही. दिवसभर साइट, रात्रभर नक्षी. सगळी चाळ सजवली."

पेढा मॅडमच्या हातातच राहिला. "रात्रभर? मग झोपतात कधी?"

"झोप लागत नाही म्हणजे, लागतच नाही. गरजच नाही म्हणतात."

"खूप बोलतात?"

"अखंड."

"नवे बेत?"

"बेत तर विचारूच नका. फुटक्या फरश्यांचा कारखाना काढणार आहेत. म्हणतात, अमेरिकेला माल पाठवू. कंपनीचं नाव पण ठरलंय, पूर्णिमा इंटरनॅशनल." हे सांगताना तिला हसू आवरेना. मॅडम हसत नव्हत्या.

"मुक्ता, बसा जरा."

त्या इमारतीत तिला बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. ती बसली नाही. दाराची मूठ धरून उभी राहिली.

"डॉक्टरांनी त्यांना शेवटचं कधी बघितलं?"

"मी जाते ना मॅडम दर वेळी."

"तुम्ही नाही. त्यांना कधी बघितलं?"

मुक्तानं डबा काखेत धरला.

"एक सांगते, रागावू नका," मॅडम म्हणाल्या. "काही जणांच्या आजाराला दोन तोंडं असतात. एक रडकं, ते तुम्ही सहा महिने बघितलं. दुसरं हसरं असतं. आणि कधी कधी पहिल्याच्या गोळीनं दुसरं जागं होतं. असेलच असं मी म्हणत नाही. मी औषध देणारी डॉक्टर नाही, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना इथं बघायची मला परवानगी नाही. पण त्यांना दवाखान्यात न्या. आजच. तुम्ही एकट्या जाऊ नका, त्यांना न्या."

"म्हणजे हसणं हा पण आजारच?"

"सगळं हसणं नाही."

"नाही, बरोबर आहे तुमचं," मुक्ता म्हणाली. "इथल्या साहेबलोकांना हसू येत नाही म्हणून ते तुमच्याकडं येतात. आमच्या घरी हसू आलं म्हणून आम्ही दवाखान्यात जायचं." आणि पेढ्यांचा रिकामा डबा घेऊन ती बाहेर पडली.

बसमध्ये उभ्या उभ्या ती मनातल्या मनात मॅडमशी भांडत राहिली. काय माहितीय या बाईला वैजनाथचं? मुळात तो असाच आहे. गप्प राहणारा तो आजारी वैजनाथ, हा खरा. मी बघितलाय ना.

लग्नात तो स्वतःच्या वरातीत घोड्यावरून उतरून नाचला होता. बँडवाल्याचा ढोल काढून घेऊन वाजवला होता. परभणीकडच्या त्यांच्या गावात नवरदेव असं करत नाहीत. थोरले चुलते तोंड फिरवून बसले होते, आणि मुक्ता मुंडावळ्यांआडून बघत राहिली होती. आपण मिळालो म्हणून कुणाला एवढा आनंद होऊ शकतो, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. अंगाची हळद निघायच्या आत तो म्हणाला, पुण्याला जाऊ, तिथं काचेचं शहर बांधायला लागलेत, फरशीवाले लागणारच. एक पत्र्याची पेटी घेऊन दोघं निघाली. ते दोन महिने! त्याला झोप नव्हती, तहान-भूक नव्हती. मध्येच उठवून तो तिला म्हणायचा, चल, स्टेशनवर जाऊन गाड्या बघू. आणि ती जायची.

मग एक दिवस तो भिंतीकडं वळला, आणि तिनं पुण्याच्या पाण्याला दोष दिला. पुढं अधूनमधून बरा असायचा, कामावर जायचा, लेकीला खेळवायचा. पण तो वरातीतला माणूस काही परत आला नाही. इतकी वर्षं मुक्ता त्याची वाट बघत होती. तो आला, तर या बाईला पेढा गोड लागेना.

हे सगळं मनात घोळवत ती मांजरीच्या थांब्यावर उतरली आणि उतरता उतरता तिचा पाय पायरीवरच थबकला. झोप नव्हती. बेत होते. अखंड बोलणं होतं. आत्ता आपण मॅडमना सांगितलं तेच हे, शब्दाला शब्द. कंडक्टर म्हणाला, बाई, उतरायचंय का मुक्काम करायचाय? तेव्हा कुठं ती खाली आली.

घरी कुणी नव्हतं. सोजरआत्या शेवया वाळत घालत होत्या.

"पूर्णी कुठंय?"

"बापासंगं गेली की. मागच्या इमारतीवर. तिला वरनं पुनं दाखवतो म्हनला."

मागची इमारत नुसता सांगाडा होती. मुक्ता जिने चढत गेली. वाळू, सळया, पाण्याची पिंपं. जसजशी वर जात होती तसतसा लेकीचा खिदळण्याचा आवाज मोठा होत होता. शेवटच्या स्लॅबवर ती आली आणि जागच्या जागी थांबली.

कडेला कठडा बांधलेला नव्हता. वैजनाथ अगदी काठावर उभा होता, उन्हं उतरायला लागलेली, आणि पूर्णी त्याच्या खांद्यावर, दोन्ही हात पसरून.

"ती बघ काचेची, तिथं आई काम करते," तो सांगत होता. "आणि ती मोकळी जागा दिसतेय, तिथं आपला कारखाना. इथून एक ढांग टाकली ना, की आपण थेट तिथं."

"टाका ना पप्पा," पूर्णी म्हणाली.

ओरडायचं नाही, एवढं मुक्ताला कळलं. ओरडलं तर तो दचकून वळेल. ती सिमेंटच्या पोत्यावर खाली बसली आणि शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाली, "अहो, मला घेरी आलीय. पाणी देता का?"

तो धावतच आला. आला म्हणजे कसा, लेकीला खांद्यावरून उतरवून मुक्ताच्या मांडीत ठेवलं, पिंपातून ओंजळ भरून आणली, तिच्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. "जेवली नाहीस ना ऑफिसात? लोकांना खाऊ घालतेस आणि स्वतः उपाशी. थांब, मी खाली उचलून नेतो तुला." त्याचा एवढा जीव होता तिच्यावर. हे काही खोटं नव्हतं.

मुक्तानं पूर्णीला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. आणि वारा घालणारा त्याचा हात तिच्या डोळ्यांपुढं होता. बोटांची टोकं सोलून निघाली होती. सिमेंटनं खाल्लेली, फरशीच्या धारेनं चिरलेली; एका नखाच्या जागी नुसतं मांस होतं. तिच्या पदराला त्याचं रक्त लागत होतं.

"बोटांना काय झालं हो?"

वैजनाथनं हात उलटापालटा करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "कुठं काय?" म्हणाला.

त्या क्षणी मुक्ताचं मॅडमशी असलेलं भांडण संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चला, दवाखान्यात जाऊ. तुम्ही किती बरे झालात ते डॉक्टरांना दाखवू." पूर्णीला मागं ठेवायचा तिला धीर झाला नाही, तिलाही घेतलं.

वैजनाथला बेत एकदम पसंत पडला. त्यानं दाढी केली, पूर्णीच्या वेण्यांना रिबिनी बांधल्या, आणि बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगितलं की आपण डॉक्टरांचा सत्कार करायला चाललोय. रांगेत तर त्यानं कमालच केली. म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं, एका घाबरलेल्या पोराला गाणं म्हणून दाखवलं, दोन बायांचं नंबरावरून लागलेलं भांडण मिटवलं. शिपाई म्हणाला, "काका, नोकरी करता का इथं?" इतक्या महिन्यांत त्या रांगेत मुक्तानं कुणाला हसताना बघितलं नव्हतं. आज सगळा व्हरांडा हसत होता, आणि तिला मान वर करवत नव्हती.

टेबलामागं या वेळी एक तरुण डॉक्टर मुलगी होती, चष्मा डोक्यावर सारलेला, डोळे जागरणानं लाल.

"मॅडम, तुमच्या इथं दाराशी पाणी साचतं बघा," वैजनाथ बसायच्या आधीच म्हणाला. "फरशीचा उतार चुकलाय. मी करून देतो, फुकट. आणि भिंतीवर पोपट काढू का? माणसं रडत येतात इथं, जरा पोपट बघतील."

"पोपट चालेल," डॉक्टर म्हणाली. तिनं त्याला आणखी चार गोष्टी विचारल्या, बोटं बघितली, मलमपट्टी करायला आणि वजन घ्यायला शिपायाबरोबर बाहेर पाठवलं. मग ती मुक्ताकडं वळली. दारातून पुढचा पेशंट डोकावला, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"एकच विचारते, नीट आठवून सांगा. असं आधी कधी झालं होतं? असे खूप आनंदात, झोप नाही, दम नाही?"

मुक्तानं पूर्णीला मांडीवर जवळ ओढलं. "झालं असलं तर काय करणार?"

"तर गोळ्या बदलाव्या लागतील. आणि काही दिवस इथं ठेवावं लागेल."

"त्यांच्याजवळ कोण राहणार?"

"घरचं एक माणूस लागतंच. रात्रंदिवस."

"मी आठ दिवस गेले नाही तर माझ्या जागी दुसरी ठेवतील. आत्ता घर माझ्यावरच चाललंय."

"माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाली. तिनं खोटा दिलासा दिला नाही, घाईही केली नाही. "पुढं रक्तही तपासत राहावं लागेल, आणि दर वेळी त्यांनी स्वतः यायचं. सोपं नाहीये. आधी झालं नसेल तर गोळ्या घरी देऊन बघता येईल. म्हणून विचारतेय."

नाही म्हटलं की झालं. नाही म्हटलं की संध्याकाळी तिघं घरी, उद्या ती कामावर. बाहेर वैजनाथ वजनकाट्यावर उभा राहून शिपायाला काहीतरी सांगत होता आणि शिपाई पोट धरून हसत होता. मुक्तानं आपल्या पदराकडं पाहिलं. कालचा रक्ताचा डाग धुऊनही पुरता गेला नव्हता.

"झालं होतं," ती म्हणाली. "आमच्या लग्नात."

मग तिनं सगळं सांगितलं. ढोल, वरात, पत्र्याची पेटी, स्टेशनवर जाऊन बघितलेल्या गाड्या. सांगता सांगता तिचा चेहरा उजळत गेला, आपोआपच, आणि डॉक्टरचं लिहिणं हळू होत गेलं.

"हे तुम्ही इतके दिवस का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही मॅडम. आणि विचारलं असतं तरी..." तिनं शब्द शोधले. "आजार काय आहे ते सांगायला मी येत होते. ते तर आमचे चांगले दिवस होते."

डॉक्टरनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि भरतीचा कागद पुढं ओढला. इतका वेळ गप्प बसलेली पूर्णी मांडीवरून उतरली, दारापर्यंत जाऊन बापाला बघून आली, आणि तिनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, पप्पा इथं बरे होणार?"

"हो."

"मग बरे होऊन कुठले पप्पा होणार? भिंतीकडं तोंड करून झोपणारे, का हे?"